रेघ

मडगावला, जुन्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर
वकील कुलासोंचं ऑफिस.
तिथल्या पडद्यावर सोमवारी सकाळी
कर्मचाऱ्यांच्या यादीत एक नवा रकाना उगवला:
मृत्यूची तारीख.
खाली सात नावं, सात रेघा.

बिबियानाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
एकतीस वर्षं त्या इथे इन्व्हेंटरीचे कागद लावतात,
मयताचं नाव, विधवेचा अर्धा, मुलांचे वाटे.
रिकामी रेघ म्हणजे काय ते त्यांना कळतं.
'कुणीतरी भरायची ठेवलीये,' म्हणाल्या,
आणि मला फोन लावला.

मी जिना चढले तीच आल्विटोला शिव्या देत.
मूळ क्लास त्याचा. तो लिहून
पोर्तुगीज पासपोर्ट काढून तो स्विंडनला गेला,
मागे एकच ओळ सोडून: याला हात लावू नये.
त्या क्लासचं नाव व्यक्ती.
मयत, वारस, कर्मचारी, साक्षीदार
सगळे तिच्या पोटचे.
जे तिचं ते त्यांचं, न मागता.

कर्मचाऱ्यांचा क्लास उघडला. दोन ओळी.
आत फक्त 'पास',
म्हणजे माझं वेगळं काही म्हणणं नाही.
कॅश पुसली. सर्व्हर बसवला, उठवला.
दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टर किरकिरत राहिला,
त्या उजेडात वंशावळ छापली:
कर्मचारी, मग व्यक्ती, मग फ्रेमवर्कचे दोन पूर्वज,
शेवटी ऑब्जेक्ट, ज्याच्या मागे कुणीच नाही.
सगळे जागच्या जागी. कुणी खोटं बोलत नव्हतं.

एकट्या साक्षीदारांचं पान स्वच्छ.
त्याने आपली यादी आपणच मांडलेली. चूल वेगळी.

बिबियानाबाई चहा ठेवताना सहज बोलत होत्या,
सावर्ड्याच्या त्या कुळागराची केस, सतरा वारस,
हिस्से कागदावर, जमीन एकच.
आता एकाने बांधावर फणस लावला
तर त्याची सावली कितीजणांची?
मी कप तसाच ठेवला.
दोन याद्यांचे मेमरीतले पत्ते छापले,
एक मयताचा, एक व्यक्तीचा.
आकडा तोच. शेवटच्या अंकापर्यंत तोच.

मयताने यादीची नक्कल घेतलीच नव्हती.
आईच्या यादीकडे नुसतं बोट दाखवून
ही माझी म्हटलं होतं,
आणि तिच्या शेपटाला एक रकाना जोडला होता.
ज्यांनी पास म्हटलं होतं
त्या सगळ्यांच्या घरात तो उगवला.

ओळ कुणाची ते पाहिलं.
आल्विटोची नव्हती.
शिगम्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहा बावन्न,
'तातडीची दुरुस्ती', आणि पुढे माझं नाव,
आडनावासकट.
पाच महिने एका फांदीवर पडून होती,
शनिवारी मीच तिला वर चढवलं.

मग फार काही नाही.
मूळ यादीचे चौकोनी कंस काढून गोल केले.
आता कुणी तिथे भर घालायला गेलं तर पायथन बोंब मारेल.
मयताला त्याची स्वतःची यादी दिली,
आईचं सगळं, अधिक एक.
'हात लावू नये'च्या खाली लिहिलं: लागला होता.
बिल कितीचं करायचं ते अजून ठरत नाहीये.

'गेली मगे ती रेघ?'
'गेली.'
त्यांनी तरी पान दोनदा ताजं केलं,
सात नावं बोटाने मोजली,
आणि मग मयतांच्या पानावर गेल्या,
जिथे तो रकाना असायलाच हवा.
खाली खाली सरकत थांबल्या.
बेतुलचा एक तारवटी, जहाजावरून न परतलेला,
कोर्टाने मयत ठरवलेला,
नावापुढे रेघ.
मी कीबोर्ड जवळ ओढला.
'राहू दे,' त्या म्हणाल्या. 'ही तुझी न्हय.'